फोटोपुरतं

विहीर आटली तेव्हा त्या घरातून आधी रोजची अंघोळ गेली, मग भांडी दोनदा विसळणं गेलं, आणि लाज सगळ्यांत शेवटी गेली. तिला जायला फार वेळ लागला नाही. म्हातारीनं तिच्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं.

घर शेतातच होतं. तीन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण, मागं गोठा आणि गोठ्यापलीकडं लिंबाची बाग. बाग लावली म्हातारीच्या नवऱ्यानं, आणि फळ धरायच्या आत तो गेला. झाडं मोठी झाली, फळाला आली आणि नेमकं त्याच वर्षी पाणी गेलं. पानं आतल्या बाजूला वळायला लागली, मुठी आवळल्यासारखी. मग ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा खणला. त्याच्या तळाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा, चढ चढायचा, एका झाडाच्या आळ्यात ओतायचा आणि परत जायचं. शेवटच्या झाडापर्यंत पोचेतो पहिलं झाड पुन्हा आ वासून उभं.

हे काम तिघांवर होतं. म्हातारी झिऱ्यात बसून वाटी चालवायची, कारण तिथं सावली होती. धाकटा मुलगा आणि धाकटी सून हंडे वाहायची. धाकटीला दिवस गेले होते तरी वाहायची. पोट पुढं आलं तसा तिनं हंडा डोक्यावरून कमरेवर घेतला आणि कमरेवरचा पुन्हा डोक्यावर. "चालणं चांगलं असतं या दिवसांत," म्हातारी खालून म्हणायची. "मी तर दळता दळता बाळंत झाले." धाकटी म्हणायची, "मग जातं तुमचंच नाव काढत असेल." जीभ होती तिला. जीभ चालली की हंडा जरा हलका होतो.

थोरली सून झिऱ्यावर येत नव्हती. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजलेली असायची. तिलाही दिवस गेले होते, धाकटीच्या थोडे आधी. पाचव्या महिन्यात सगळं वाहून गेलं, आणि आता पुन्हा राहणार नाही असं सुईण सांगून गेली. त्या दिवसापासून म्हातारी तिच्या ताटात भाकरी ठेवायची ती लांबूनच, कुत्र्याला टाकावी तशी, आणि वर म्हणायची, "खा. तुझ्या पोटानं आम्हाला बुडवलं, तुझं पोट तरी भरू दे." धाकटीही काही कमी नव्हती. उन्हातून हंडा टाकून आली की दारातून म्हणायची, "ताई, तुमचं बरं आहे. गेलं ते गेलं, पण सावली तरी मिळाली." थोरली कूस बदलायची नाही.

बुडवलं ते असं. थोरला मुलगा बोअरच्या मशीनवर होता, आणि आता मशीन त्याचंच झालं होतं. दूर मुलखात, गाडी नेईल तिथं तो जमिनीला भोकं पाडत हिंडायचा. वर्षावर्षानं घरी यायचा. बागेत एक बोअर घे म्हणून म्हातारीनं त्याला किती विनवलं! तो म्हणायचा, "कुणासाठी? उद्या भावाची पोरं लिंबं विकतील आणि मला एक सरबत पाजतील. मला मूल होऊ दे. मुलाचं तोंड बघितलं की मशीन इकडं वळवतो." शेवटचा गेला तेव्हा थोरलीला नुकते दिवस गेले होते, आणि तो खुशीत गेला होता. धाकटीचं तेव्हा कुणाला, तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. थोरलीचं गेल्याचं त्याला कळवायचं नाही, असं म्हातारीनं ठरवलं. विचारलं कुणी नाही. त्या घरात म्हातारी ठरवायची आणि बाकीचे ठरल्यासारखं वागायचे.

धाकटी बाळंत होऊन नऊ दिवस झाले असतील नसतील. थोरल्याकडं सामान नेणारा ट्रकवाला नेहमीसारखा वाटेत पाणी प्यायला थांबला आणि निरोप टाकून गेला. मूल झालं असेल, आईच्या मांडीवरचा फोटो काढून पाठवा. फोटो बघितला की निघतो.

म्हातारीनं त्या दिवशी धाकटीच्या बाळाला स्वतः तेल चोळलं. धाकटीला तेव्हाच वास यायला हवा होता. म्हातारी फुकट तेल जिरवणाऱ्यांतली नव्हती.

"फोटो काढायचाय," म्हातारी म्हणाली.

"कुणाचा?"

"बाळाचा. थोरलीच्या मांडीवर."

धाकटीला आधी हसूच आलं. मग ते अर्ध्यात राहिलं. "आणि मी?"

"तू काय, तू आहेसच. तुझा फोटो लग्नात काढलाय."

"आई, माझं बाळ आहे ते."

"मग मी कुठं म्हणते माझं आहे? फोटोपुरतं गं. कागद असतो तो. फोटो जाईल, मशीन येईल, भोक पडेल, पाणी लागेल. मग सांगू त्याला, चेष्टा केली म्हणून. रागावेल चार दिवस. पाणी काय रागावून परत जमिनीत जातंय?"

धाकटीनं विचार केला. मूर्ख नव्हती ती, हीच पंचाईत. मूर्ख असती तर रडून नाही म्हणाली असती. ती हिशेबाला बसली. अंगातून अजून रक्त जात होतं, कंबर धरत नव्हती, आणि म्हातारी परवापासूनच 'चालणं चांगलं' म्हणायला लागली होती.

"महिनाभर झिऱ्यावर येणार नाही," ती म्हणाली.

"महिना? राणीसाहेबांना पालखी पण पाठवू का? आठ दिवस."

"वीस."

"पंधरा. आणि गाईचं दूध रोज पेलाभर तुला."

"साय काढून की सायीसकट?"

"सायीसकट, बाई, सायीसकट!"

झालं. वांगी घेतानासुद्धा माणूस याहून जास्त घासाघीस करतं. धाकटीला वाटलं, आपण म्हातारीला चांगलंच कापलं. गोठ्यात नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलंस. फोटोनं काय होतंय?" आणि गाईच्या पाठीवरची गोमाशी बघत राहिला. अवघड बोलणं निघालं की धाकट्याला नेमकी गोमाशी दिसायची.

फोटोवाला फटफटीवरून आला. जो तो त्याला 'जराहसा' म्हणायचा, कारण लग्न असो, मयत असो, त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. त्यानं पाठीमागच्या पिशवीतून निळा पडदा काढला. त्यावर एक तळं आणि दोन हंस रंगवलेले. तळं बघून म्हातारी म्हणाली, "हे बरं आहे. पाणी दिसू दे त्याला." पडदा गोठ्याच्या भिंतीला ठोकला, कारण उजेड तिथं चांगला होता. गाईला बाहेर काढलं.

थोरलीला कित्येक दिवसांनी डोकं विंचरून ठेवणीतले कपडे घालून बाहेर आणलं. उन्हात तिचे डोळे मिचमिचत होते. अंगावर मांस नव्हतं; गळ्याच्या हाडांत पाणी साठेल असे खड्डे. म्हातारीनं तिच्या गालांना लाल पावडर चोळली ती तोंड धुवायच्या जोरानं.

"आई कोण?" जराहसानं विचारलं.

"ही," म्हातारीनं थोरलीला पुढं ढकललं.

जराहसानं थोरलीकडं बघितलं, मग दारात बाळ घेऊन उभ्या असलेल्या धाकटीकडं. तिच्या झंपरावर दोन ओले गोल उमटले होते. तो म्हणाला, "असेल. मला काय, माझा कॅमेरा एका डोळ्याचा आहे."

बाळ थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि त्यानं अंग ताठ करून टाहो फोडला. तोंड लाल, मग जांभळं. थोरलीनं हात असे धरले होते जसं कुणी गरम तवा धरावा. उचललं, हलवलं, गप्प झालं नाही. धाकटीनं घेतलं की गप्प. थोरलीकडं दिलं की टाहो. तीनदा झालं. जराहसा घाम पुसत म्हणाला, "असा फोटो नेलात तर बाप म्हणेल चोरून आणलंय."

"अफू द्यायची का बोटभर?" म्हातारीनं विचारलं.

"नको नको. झोपेतलं बाळ आणि मेलेलं बाळ फोटोत सारखंच दिसतं. बाप घाबरेल." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "एक युक्ती आहे. मान न धरणाऱ्या पोरांना मी तसंच करतो. आईला खुर्ची करायची."

"म्हणजे?"

"ह्यांना बसवायचं लाकडी पेटीवर," त्यानं धाकटीकडं बोट केलं. "वरून पांघरूण. दिसायला गादीची खुर्ची. त्यांच्या मांडीवर ह्या बसतील, थोरल्या. खुर्चीचे हात शालीखालून पुढं येतील आणि बाळाला धरतील. बाळाला वास आईचा, फोटोला तोंड... ह्यांचं."

धाकटा मोठ्यानं हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता. धाकटीनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा त्याला गोमाशी दिसली.

तिला पेटीवर बसवलं. वरून गोधडी नाही, म्हातारीनं बैलाच्या पाठीवरची जाड झूल आणली, कारण तिचा रंग गादीसारखा होता. झुलीला वाळलेल्या घामाचा वास होता. ती डोक्यावरून पडली आणि आत अंधार झाला. मग थोरली येऊन मांडीवर बसली. वाळलेली होती तरी एक अख्खी बाई होती. धाकटीच्या खालच्या अंगातून कळ निघाली ती टाळूपर्यंत गेली. आत कुठं तरी उसवलं असं वाटलं, आणि मांडीखाली काही तरी गरम सरकलं. ती ओरडली. झुलीत आवाज झुलीचाच राहिला.

"खुर्ची बोलते," धाकटा म्हणाला.

"सरळ बस गं," म्हातारी झुलीवर थाप मारून म्हणाली. "पाठ वर कर. खुर्चीला पोक आहे."

धाकटीनं थोरलीच्या काखांखालून हात पुढं काढले. वरून शाल टाकली. कुणी तरी बाळ आणून तळव्यांवर ठेवलं. बाळ हुंदकलं, नाकानं हुंगल्यासारखं केलं आणि गप्प झालं. गप्प झालं तसं धाकटीच्या छातीत पान्हा दाटला आणि वाहायलाच लागला. थोरलीच्या पाठीला तो भिजवत गेला. थोरलीची पाठ ताठली. मग हळूच मागं रेलली. सगळा भार धाकटीच्या छातीवर आला.

"ताई, पुढं सरका जरा," धाकटी झुलीतून म्हणाली.

"हलू नका म्हणालाय तो," थोरली म्हणाली. कितीतरी दिवसांत तिनं बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"छान, छान. बाई, जरा हसा. खुर्ची खालीवर होतेय. खुर्चीनं श्वास घेऊ नये."

धाकटीनं श्वास धरला. छाती फुटायला आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. बाहेर कॅमेरा कडकड वाजला. "आणखी एक घेऊ, काळजी नको," जराहसा म्हणाला. मग आणखी एक. झूल काढली तेव्हा धाकटीचं तोंड बाळासारखंच जांभळं झालं होतं आणि पेटीवर रक्ताचा डाग होता. म्हातारीनं डाग बघितला आणि म्हणाली, "पेटी धुवायला आता पाणी कुठलं आणू?"

फोटो आला तो सगळ्यांनी उन्हात धरून बघितला. तळ्यासमोर खुर्चीवर एक बाई बसलेली, मांडीवर उघड्या डोळ्यांचं बाळ, आणि बाई बाळाकडं बघत होती. हसत नव्हती; पण असं बघत होती की जराहसानंही त्या फोटोची एक प्रत दुकानात लावायला ठेवून घेतली. "खुर्ची फार छान आलीय," म्हातारी म्हणाली. धाकटीनं फोटोत स्वतःला शोधलं. झुलीच्या दोन सुरकुत्या होत्या, त्या तिच्या खांद्यांच्या असाव्यात. थोरली मात्र फोटो सोडेना. ट्रकवाला येईपर्यंत तो तिच्या उशीखाली राहिला, आणि तो घेऊन गेला तेव्हा ती दारापर्यंत गेली.

त्या दिवसापासून थोरली उठायला लागली. आधी फक्त बाळाचे कपडे धुवायची. मग तेल लावायची. मग म्हातारी म्हणाली, "तिला सवय होऊ दे. थोरला आल्यावर पोर तिच्याकडं भोकाड पसरेल तर सगळं मुसळ केरात." धाकटीला पटलं. पटण्यासारखंच होतं. म्हातारीचं प्रत्येक म्हणणं पटण्यासारखं असायचं, तिथंच तर माणूस फसायचं.

रजेचे पाच दिवस झाले आणि म्हातारीनं हंडा आणून तिच्यापुढं ठेवला.

"पंधरा दिवस ठरलं होतं," धाकटी म्हणाली.

"ठरलं होतं. झाडांना सांग, ठरलंय म्हणून. मागच्या ओळीतली दोन वाळली. थोरला येऊन बघेल काय, सरपण?"

ती गेली. परत येईतो बाळ थोरलीच्या कुशीत निजलेलं असायचं. पहिल्यांदा धाकटीला बरं वाटलं, रडलं नाही म्हणून. मग एक दिवस छाती दगडासारखी झालेली घेऊन ती चढ चढून आली आणि बाळाला पाजायला बसली, तर बाळानं तोंड फिरवलं. त्याच्या ओठांना पांढरं लागलं होतं. चुलीमागं बाटली सापडली आणि दुधाच्या भुकटीचा डबा.

"हे कुणी आणलं?"

"मी आणवलं," थोरली म्हणाली. "भुकेलं होतं. तुम्ही पाण्याला गेला होतात."

"मी हौसेनं गेले होते का? माझं दूध काय आटलंय?"

"ओरडू नका. दचकतं ते." थोरली बाळाला थोपटत होती. "माझ्याकडं शांत असतं आता."

"ताई, पाजून दाखवा मग. अंगावरचं पाजून दाखवा."

थोरलीनं तिच्याकडं वर बघितलं. गालांना आता पावडर नव्हती, आपली लाली होती. "गेलं ते गेलं," ती हळूच म्हणाली, "पण सावली तरी मिळाली. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

धाकटीनं त्या दुपारी गोठ्यात जाऊन हातानं दूध पिळून मातीत टाकलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. मातीला त्या वर्षी काहीही चालत होतं.

नवऱ्याला तिनं सांगितलं. "पुरे झालं. भाऊजी आले की पहिल्या दिवशी सांगायचं."

"पहिल्या दिवशी? मशीन उतरायच्या आधी? वेडी आहेस का? पाणी लागू दे. पाणी लागलं की मीच सांगतो."

"तुम्ही?"

"मीच. माझंही आहे ना ते."

तिनं विश्वास ठेवला. दुसरं ठेवायला काही नव्हतं.

मशीन आलं ते आधी ऐकू आलं. मग धूळ दिसली, मग धुळीत दोन गाड्या. थोरला खाली उतरला. दगडाच्या भुकटीनं त्याच्या पापण्या पांढऱ्या होत्या, आणि वर्षानुवर्षं मशीनपाशी उभं राहून कान गेले होते, त्यामुळं तो साधं बोलायचा तेही शेजारच्या शेतात ऐकू जायचं. खिशातून त्यानं फोटो काढला, बाळाच्या तोंडाशी धरून बघितलं आणि "हेच!" असा ओरडला. बाळ दचकलं, पण थोरलीच्या कुशीत शिरून गप्प झालं.

म्हातारीनं धाकटीला त्याआधीच कोपऱ्यात घेतलं होतं. "त्यानं विचारलं तर तुझं गेलं."

"काय गेलं?"

"बाळ. झालं आणि गेलं. नाहीतर तुझा ओला झंपर त्याला काय सांगशील, घाम आहे?"

"गेलं ते ताईंचं होतं."

"तेच म्हणते मी. या घरात एक गेलंय, ते गेलंच आहे. खोटं काही नाही. कुणाचं, एवढंच इकडचं तिकडं."

आणि थोरल्यानं अंगणात, म्हातारी, धाकटा, मशीनवरची चार माणसं, सगळ्यांसमोर धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. "ऐकलं मी!" तो म्हणाला. "वाईट झालं. धीर धर. होईल पुन्हा!" मशीनवरची माणसं माना खाली घालून उभी राहिली. कुणी तरी च्च केलं. धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं, आणि जिवंत बाळाचं दुःख मेलेल्या बाळासारखं करत उभी राहिली. "हो, भाऊजी," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून म्हातारीनं मोठ्यानं सांगितलं, "हो म्हणते!"

बागेच्या वरच्या अंगाला मशीन लावलं. दिवसभर घर थरथरत होतं. भांडी फळीवरून सरकत होती, पत्रा बोलत होता, तोंडात बारीक कचकच. भोकातून आधी तांबडी माती उडाली, मग मुरूम, मग काळ्या दगडाची राखेसारखी भुकटी. लिंबाची झाडं राखाडी झाली. धाकटी माणसांना पाणी देत होती आणि प्रत्येक खेपेला मनात म्हणत होती, आता लागू दे, आता लागू दे. लिंबांसाठी कुणी इतक्या तळमळीनं पाणी मागितलं नसेल. तिसऱ्या प्रहरी भुकटी ओली झाली. मग चिखल. मग भोकातून पाण्याचा असा लोट वर उसळला की मशीनवरची माणसं भिजली, धाकटा नाचला, म्हातारी चिखलात बसली आणि तिनं तोंडावरून पाणी फिरवलं. धाकटीनं नवऱ्याचा दंड धरला. "सांगा."

"आज? अंगावरचं पाणी तरी वाळू दे. पंप बसू दे."

दुसऱ्या दिवशी पंप बसला. पाट काढला, पाणी पाटात सोडलं. ते पहिल्या आळ्यात शिरलं तेव्हा मातीतून बुडबुड आवाज आला, तहानलेलं जनावर पितं तसा. धाकटा फावडं घेऊन पाण्याच्या पुढं पुढं धावत होता.

अंगणात थोरल्याची गाडी भरली जात होती. मशीन आधीच पुढं गेलं होतं. धाकटीनं बघितलं, थोरल्याच्या पेटीवर थोरलीची पेटी चढली. थोरलीच्या पेटीवर दुधाच्या भुकटीचे डबे.

"ह्या कुठं चालल्यात?"

"तळावर," म्हातारी म्हणाली. "त्याच्याबरोबर. तिकडं खोली घेतलीय त्यानं. बायको आणि मूल जवळ हवंय म्हणतो."

धाकटी बागेकडं धावली. "अहो! ते घेऊन चाललेत! सांगा!" धाकट्यानं फावड्यावर भार दिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांवरून वाहत होतं. तो पाण्याकडं बघत होता. "तिसरं आळं भरतंय," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला गोमाशीचीही गरज पडली नाही.

मग ती एकटी गाडीपाशी गेली. थोरला दोर आवळत होता. तिनं हळू सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. तिनं त्याची बाही ओढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाळ माझं आहे! मला झालंय ते! ताईंचं पाचव्या महिन्यातच गेलं!"

थोरलीनं बाळाला छातीशी असं दाबलं की ते कुरकुरलं.

थोरल्यानं दोराची गाठ पुरी केली. "ओरडू नकोस," तो म्हणाला, आणि तिच्या ओठांकडं बघत पहिल्यांदाच हळू बोलला. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक...?"

"ट्रकवाला माझा माणूस आहे. तुमच्याकडं पाणी प्यायला थांबतो तेव्हा डोळे मिटून पीत नाही. कुणाचं पोट पुढं आणि कोण भिंतीकडं तोंड करून निजलंय, सगळं सांगितलं त्यानं. फोटो यायच्या आधी."

"मग... मशीन का आणलंत?"

"मूल हवं होतं. ह्या बाईला आता होणार नाही, तेही कळलंय मला. फोटो आला, म्हणजे तुम्ही सगळे तयार आहात असं मी समजलो. घरात इतकी माणसं. सगळ्यांनी मिळून काढलाय ना फोटो? तू पण होतीस ना?"

"फोटोपुरतं म्हणाल्या होत्या आई! फोटोपुरतं!"

"मी भोक फोटोपुरतं पाडलं का?" त्यानं बागेकडं मान केली. "बघ बाई, जबरदस्ती नाही. पंप माझा आहे. वर ओढून गाडीत टाकायला दोन माणसं लागतील, दोन्ही इथंच आहेत. बाळ ठेव. मी पंप नेतो. बोल."

पंपाचा आवाज तेवढा येत होता. धाकटीनं तोंड उघडलं.

"ती काय बोलणार?" म्हातारी मध्ये पडली. "तिनं बाळाच्या बदल्यात पंधरा दिवसांची रजा घेतलीय. सायीसकट दूध प्यायलीय. विचार तिला, प्यायलीस की नाही गं?"

"पाच दिवस!" धाकटी ओरडली. "पाचच दिवस दिलेत तुम्ही!"

"म्हणजे घेतलेस," थोरला म्हणाला.

तोवर थोरली गाडीत चढून बसली. धाकटी पुढं झाली, पायरीला तिनं हात घातला. थोरली काचेतून तिच्याकडं बघत नव्हती. बाळाकडं बघत होती, फोटोत बघत होती तशी. इंजिन सुरू झालं.

"अगं!" बागेतून धाकट्याची हाक आली. "अगं, पाट फुटला! पाणी रस्त्याला चाललंय!"

"बघत काय राहिलीस?" म्हातारी किंचाळली. "पाणी चाललंय! पाणी!"

खरंच चाललं होतं. पाटाच्या कडेला खिंडार पडलं होतं आणि गढूळ धार अंगणातून धाकटीच्या पायांशी येऊन, तिला वळसा घालून, गाडीच्या चाकांखालून उताराला लागली होती. गाडी हलली. तिचा हात पायरीवरून सुटला. ती गाडीमागं दोन पावलं गेली. मग पाय पाण्यात पडला, आणि वर्षभर ज्या पायांनी एकेक हंडा न सांडता चढवला होता ते पाय तिला न विचारता वळले. ती खिंडारापाशी गेली, गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी चिखल ओढून लावला. चिखल वाहून गेला. तिनं पुन्हा लावला आणि वरून पोटरी आडवी घातली. छातीतून दूध सुटलं होतं, ते झंपरातून गळून गढूळ पाण्यात पडत होतं आणि दिसत नव्हतं.

गाडीचा आवाज वळणापलीकडं गेला. धार बारीक झाली, थांबली, आणि पाटातून चौथ्या आळ्याकडं वळली.

"हं," धाकटा पलीकडून म्हणाला. "आता बरोबर."